विहिरीच्या मसुद्यात एक मुलगी

शाहूपुरीतल्या आमच्या गाळ्यासमोर उभं राहून लोक पहिला प्रश्न विचारतात तो असा: "वकील तुम्हीच काय?" मी वकील नाही, टायपिंगवाला आहे. तरीही तीस वर्षांत या प्रश्नाला मी एकदाही लगेच 'नाही' म्हटलेलं नाही. आधी चष्मा काढतो, पुसतो आणि मग "बसा, काय काम होतं?" असं विचारतो. तेवढ्यात समोरच्याचा गैरसमज पक्का होतो आणि मला बरं वाटतं. स्वभावातली ही खोट आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं ते तिच्यामुळेच घडलं.

आमचा धंदा लिहिण्याचा आहे असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात तो जुन्याचं नवीन करण्याचा आहे. भाडेकरार, वाटणीपत्र, प्रतिज्ञापत्र, प्रत्येकाचा एक मसुदा ठरलेला असतो. नाव बदलायचं, गाव बदलायचं, गट नंबर बदलायचा आणि प्रिंट काढायची. टाईपरायटर होता तेव्हा सगळा कागद नव्याने बडवावा लागायचा, त्यामुळे चुका तरी ताज्या व्हायच्या. कॉम्प्युटर आल्यापासून जुन्याच चुका पुन्हापुन्हा होतात. एका गृहस्थांच्या मुलाचं नाव बदलायचं होतं. त्या प्रतिज्ञापत्राच्या शेवटी 'सदर वाहन माझ्या ताब्यात असून सुस्थितीत आहे' हे वाक्य तसंच राहिलं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं, "बरोबर हाय" म्हणाले आणि सही केली.

माझी खासियत म्हणाल तर पाणीपाळीचे कागद. आमच्याकडे विहीर एक आणि भाऊ तीन, असा प्रकार पुष्कळ. जमिनीची वाटणी होते, विहिरीची होत नाही. मग कुणी कोणत्या वारी मोटर चालवायची ते कागदावर घालतात. त्या वाराला पाळी म्हणायचं. पाळी सूर्योदयाला सुरू होते, कारण घड्याळं मागेपुढे असतात आणि सूर्याशी कुणाला वाद घालता येत नाही. मध्येच लाईट गेली तर बुडालेले तास पुढच्या पाळीत भरून द्यायचे. एकाच्या पाळीत दुसऱ्याने मोटरला हात लावायचा नाही. हा मसुदा माझा स्वतःचा. करवीर आणि कागल तालुक्यांत त्यावर किती विहिरी शांतपणे चालल्या असतील ते मी मोजलेलं नाही, पण एकही भांडण परत माझ्या दारात आलं नाही. त्यामुळे मी जरा चढलो होतो.

अशा दिवसांत ओळखीचे एक वकीलसाहेब एक जोडपं घेऊन आले. संमतीने घटस्फोट होता. नवरा महेश, कागलजवळ मळ्यात राहणारा, आठ म्हशी आणि थोडा ऊस. बायको सुरेखा, पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात. ती कोल्हापुरात वेगळी राहत होती. सहा वर्षांची मुलगी पल्लवी आईकडे राहणार आणि महिन्यातल्या दुसऱ्या नि चौथ्या शनिवार-रविवारी बापाकडे जाणार, असं ठरलं होतं. वकीलसाहेब घाईत होते. "बाकी तुम्ही घाला की तुमच्या भाषेत," म्हणाले आणि गेले.

'तुमच्या भाषेत' हे शब्द माझ्या डोक्यात चढले. मुलीचा मसुदा माझ्याकडे नव्हता. वकिलांना फोन करून विचारायचं तर माझा चष्मा पुसण्याचा सगळा डौल मातीत जाणार. मी विचार केला, गोष्ट एक आहे, हक्कदार दोन आहेत आणि वार ठरलेले आहेत. अशी फाईल माझ्याकडे तयार होती. मी विहीर काढून तिथे 'अज्ञान मुलगी चि. पल्लवी' घातलं. मोटर काढली, स्टार्टर काढला, पाईपलाईन काढली. बाकी ठेवलं. 'शनिवारी सूर्योदयापासून रविवारी सूर्यास्तापर्यंत लिहून घेणार महेश यांची पाळी राहील. काही कारणाने पाळीत खंड पडल्यास तेवढे तास पुढील पाळीत भरून देण्यात यावेत. एकाच्या पाळीत दुसऱ्याने हरकत वा अडथळा करू नये.' कागद वाचून मला समाधान वाटलं. दोघांनी माना खाली घालून सह्या केल्या. घटस्फोटाच्या कागदावर सही करणारी माणसं वाचत नाहीत, हा तीस वर्षांचा अनुभव आहे. कोर्टात विचारल्यावर दोघं 'मान्य आहे' म्हणाले, आणि तो कागद हुकमाला जोडला गेला.

दोन वर्षांनी सुरेखा एकटी गाळ्यात आली ती भांडायला. सूर्योदय कुणी घातलाय यात, असं विचारत तिने कागद माझ्या कीबोर्डवर ठेवला. मी सवयीने चष्मा काढला. "चष्मा नंतर पुसा," ती म्हणाली, "आधी सांगा, ही मुलगी आहे का मोटर?" इतक्या वर्षांत मला असं कुणी ओळखलं नव्हतं. दुरुस्तीसाठी काय करता येईल ते बघू, असं मी मोघम बोललो. दुरुस्ती बघायला ती आणखी चारदा आली आणि कागद होता तसाच राहिला. पुढच्या वर्षी आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न केलं. मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होतो. आईच्या आजारपणात लग्न राहिलं, आणि ती गेल्यावर राहूनच जायची सवय लागली. लग्नाचा अर्ज मीच टाईप केला. त्यात एकही चूक नव्हती, कारण सुरेखाने तो दोनदा वाचला.

इथून पुढे मी माझ्याच कलमांखाली नांदायला लागलो.

महेशराव माणूस वाईट नाही, हे आधी सांगतो. तो फक्त कागद पाळणारा माणूस आहे. म्हशींमुळे पहाटे चारला उठणारा, त्यामुळे त्याला सूर्योदय म्हणजे निम्मा दिवस सरल्यासारखा वाटायचा. दुसऱ्या शनिवारी उजाडायला तो आमच्या दारात हजर. बेल वाजवून रस्त्याच्या मधोमध उभा राहायचा आणि हाक द्यायचा, "पावणं, सूर्य उगवलाय की." मी लुंगीवर दार उघडायचो. शनिवारी सकाळची शाळा, ती त्याच्या पाळीत येते म्हणून शाळेत सोडायचंही त्यानेच. दुधाच्या कॅनच्या मोटारसायकलवर पल्लवी दप्तर घेऊन बसायची आणि दुपारी शाळा सुटली की तीच गाडी तिला मळ्यात न्यायची. थंडीत सूर्य लवकर मावळतो म्हणून आमचा फायदा, उन्हाळ्यात उशिरा मावळतो म्हणून त्याचा. हे त्याच्या लक्षात आल्यावर त्याने थंडीतली तूट उन्हाळ्यात भरून मागितली. त्याला नाही म्हणणारं एकही वाक्य मला माझ्या कागदात सापडलं नाही. मसुदा फार पक्का होता.

घरातही शब्द तेच रुजले. या आठवड्याला पप्पांची पाळी, पुढच्या आठवड्याला नाही, असं आमचं बोलणं. शुक्रवारी रात्री दप्तर भरताना पल्लवी ओठ काढून "आली काय परत पाळी?" असं म्हणायची. ती अकरावं ओलांडत होती तेव्हा सुरेखा मला म्हणाली की हा शब्द आता घरात नको, पोरगी मोठी व्हायला लागलीय. मी तिला समजावलं की तो दस्तातला शब्द आहे आणि दस्तातला शब्द बदलता येत नाही. तिने कपाळाला हात लावला. माझ्या आईच्या तोंडी त्या गोष्टीला 'कावळा शिवला' असं होतं, आणि वीस-पंचवीस वर्षं मी पाळी म्हटलं की विहीर, एवढंच ओळखत होतो. जाहिरातींतून दुसरा अर्थ माहीत नव्हता असं नाही, पण कान पाण्याला लागले होते.

पल्लवी बारा वर्षांची झाली त्या वर्षी महेशरावांनी कोर्टात अर्ज दिला. वर्षभरात तीन पाळ्या मोडल्या, असं त्यात होतं. एकदा तिला ताप होता, एकदा शिष्यवृत्तीची परीक्षा होती, आणि एकदा मी तिला माझ्या मावसभावाच्या लग्नाला सांगलीला घेऊन गेलो होतो. तिसरी चूक सरळ माझी. आता मुलगी कायमची त्याच्याकडे राहावी, कागलच्या शाळेत जावी आणि शनिवार-रविवारी आईकडे यावी, अशी त्याची मागणी होती. सुरेखा दोन दिवस धड जेवली नाही. आमच्या वकिलांनी बजावलं की तारखेपर्यंत एका मिनिटाचाही खंड पडता कामा नये.

मला भीती सुरेखापेक्षा जास्त वाटत होती. पल्लवी तिची मुलगी होती. कोर्टाने कुठेही ठेवली तरी ती तिचीच राहणार होती. माझी मात्र ती कागदावर कुणीच नव्हती. मला ती 'काका' म्हणायची, गणितं माझ्याकडून करून घ्यायची, माझ्या डब्यातली चटणी पळवायची. ती कागलला गेली असती तर शनिवार-रविवार आईचे झाले असते, माझ्या वाटणीचा वार कुठेच नव्हता. मी फ्रीजवर सूर्योदय-सूर्यास्ताचं कोष्टक चिकटवलं आणि महेशरावांच्या आधी दारात उभा राहू लागलो.

तारखेच्या आदल्या शनिवारची गोष्ट. पल्लवी मळ्यात गेली होती, सुरेखा कामावर होती. दुपारी तीनच्या सुमाराला गाळ्यात गिऱ्हाईक बसलेलं. कागल भागातली एक साठीची बाई दिरांबरोबरच्या विहिरीचा कागद करायला आली होती. तिच्या थोरल्या दिराची पाळी मी नुकतीच टाईप केली होती, तेवढ्यात पल्लवीचा फोन आला. शनिवारसाठी म्हणून सुरेखाने तिला साधा बटणांचा फोन दिला होता. सुरेखाचा मोबाईल कारखान्याच्या गेटवर जमा असतो, तो लागला नाही म्हणून तिने मला केला असणार, असं मी धरलं.

"काका, पाळी आलीय," ती हळू आवाजात म्हणाली. "न्यायला येतासा काय?"

मला वाटलं, नेहमीची शुक्रवारची कुरकुर आज शनिवारी चाललीय. आणि नेमकी तारखेच्या तोंडावर. मी तिला शांतपणे, समोरच्या बाईंनाही ऐकू जाईल असं, समजावलं. आज पप्पांची पाळी आहे. उद्या सूर्यास्तापर्यंत आहे. मध्येच मी आलो तर पाळी मोडली असं होईल आणि कोर्टात आपल्यालाच जड जाईल. तू शहाणी मुलगी आहेस, थोडी कळ काढ.  ती "बरं" म्हणाली आणि फोन बंद झाला.

फोन ठेवून मी त्या बाईंना सांगितलं की बघा, स्वतःच्या घरात अडचण आली तरी मी कायदा सोडत नाही. पुढे दहा-पंधरा मिनिटं मी त्यांना आमची सगळी केस सांगितली, थोडी फुशारकीनेच.  नंतर त्यांनी विचारलं, "पोरीचं वय काय, मास्तर?"

"बारा पूर्ण."

"घरात दुसरं बाईमाणूस हाय?"

नव्हतं. महेशरावांची आई जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याने पुन्हा लग्न केलं नव्हतं.

"मग ती हिरीच्या पाळीचं बोलत न्हवती," त्या म्हणाल्या. "माझा कागद ऱ्हाऊ द्या. उठा तुमी."

 मी पल्लवीला फोन लावला, तिने उचलला नाही. मी कारखान्याच्या ऑफिसात फोन करून सुरेखाला निरोप ठेवला आणि स्कूटर काढली. त्या बाईंनी दारातून ओरडून सांगितलं काय-काय घ्यायचं ते. औषधाच्या दुकानात पाच पुरुष उभे होते. मी चष्मा पुसत राहिलो आणि ते सगळे जाईपर्यंत थांबलो. पोरगी तिकडे वाट बघत असताना मी इथे लाजत उभा होतो, हे लिहितानाही बरं वाटत नाही. माझी वेळ आल्यावर दुकानदाराने कोणत्या साईजचं असं विचारलं. मी म्हटलं, सगळ्या. त्याने सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून वर काळी पिशवी चढवली, जणू मी काही चोरून नेतोय.

मळ्यात पोचलो तर महेशराव अंगणात उकिडवा बसलेला. समोर न्हाणीचं पत्र्याचं दार बंद. तो मला बघून रागावला नाही, ही पहिली गोष्ट मला खटकली.

"पोट दुखतंय म्हणाली, ओवा दिला," तो म्हणाला. "मग आत जाऊन कडी घाटली. बोलंना. मी कायबी बोललो न्हाय तिला, शप्पत. तुमी इचारा की, पावणं."

मी त्याला बाजूला गोठ्याकडे नेलं आणि सांगितलं. सांगायला मला दोन वाक्यं पुरली असती, पण मी 'नैसर्गिक बाब' वगैरे करत पाच-सहा घेतली. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग पिशवीकडे. आणि एकदम म्हशींकडे तोंड करून उभा राहिला.

"मला न्हाय सांगितलं तिनं," तो म्हणाला.

त्याच्या आवाजाने मला राहवलं नाही. माझ्या खिशात ती गोष्ट होती जी दोन दिवसांनी कोर्टात त्याला उपयोगी पडली असती, आणि ती मीच त्याच्या हातात दिली. तिने मला फोन केला होता, मी तिला कळ काढ म्हणालो, पाळी मोडायची नाही म्हणालो, हे सगळं सांगितलं. आता हा माणूस वकिलाला सांगणार आणि आपली केस गेली, हे मला बोलता बोलताच कळत होतं. तरी सांगितलं.

त्याने एका म्हशीच्या पाठीवरचं वाळलेलं शेण नखाने खरवडलं. मग म्हणाला, "तुमी शिकल्यालं मानूस हाय. तुमास्नी बी कळलं न्हाय?"

"नाही कळलं," मी म्हटलं.

तो चुलीकडे गेला, पाणी तापवायला ठेवलं आणि ट्रंकेतून आईचं एक मऊ जुनं लुगडं काढून माझ्या हातात दिलं. दारापर्यंत यायचा त्याला धीर होईना, म्हणून मी गेलो. पत्र्याच्या दारावर टकटक केलं. पिशवी आणि लुगडं उंबऱ्याशी ठेवतो, असं सांगितलं. मग म्हटलं, "पल्लवी, माझं चुकलं." याआधी हे वाक्य मी कुणाला म्हटल्याचं आठवत नाही. धंद्यात चूक झाली की आम्ही 'नजरचुकीने' असं म्हणतो.

 आतून ती म्हणाली, "काका, तुम्ही लांब जा. पप्पांनापण घेऊन जा."

आम्ही दोघे बांधापलीकडे जाऊन उसाकडे तोंड करून उभे राहिलो. दोन बाप्ये आणि एकालाही काही येत नाही. अर्ध्या तासाने ती बाहेर आली, डोळे सुजलेले. तिला आईकडे जायचं होतं. मी महेशरावांना म्हटलं की पाळी माझ्यामुळे मोडली असं मी लिहून देतो. "आता कागद काढू नका, पावणं," तो म्हणाला, "न्या तिला." हायवेपर्यंत तो आमच्या मागून मोटारसायकलवर आला आणि तिथून परत फिरला. पल्लवी मागे वळून वळून बघत होती.  घरी सुरेखा सुट्टी टाकून आधीच दारात येऊन उभी होती. दोघी आत गेल्या आणि मी जिन्यात बसलो.

तारखेला महेशरावांनी अर्ज मागे घेतला. माझं बोलणं त्याने कोर्टात काढलं नाही, वकिलालाही सांगितलं नव्हतं. बाहेर आल्यावर तो सुरेखाला म्हणाला की म्हशीला काय होतंय ते मला लांबून कळतं, पोरीचं कळलं नाही, तर तिला तिच्या आईजवळच राहू दे. त्याने आयुष्यात मला जिंकलं ते तिथे. मग नवा समझोता करायचा ठरला. सुरेखाने एकच अट घातली, की तो कागद माझ्याकडून टाईप करून घ्यायचा नाही. तो समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या टायपिंगवाल्याने केला. त्यात वार, तास, सूर्य काहीच नव्हतं. पल्लवीच्या सोयीने आणि तिला विचारून, एवढंच होतं. 'सोयीने'मधली वेलांटी ऱ्हस्व पडली होती. मी एक शब्द बोललो नाही.

महेशराव अजून येतो. शनिवारी नाही, तिला वाटेल तेव्हा तीच फोन करून बोलावते. ती आता सतरा वर्षांची आहे, बारावीला. दिवाळी अंकात हे छापायचं तर तिला दाखवल्याशिवाय नको, म्हणून मागच्या रविवारी हा मसुदा मी तिच्यापुढे ठेवला. तिने लाल पेन घेतलं. शुद्धलेखनाच्या चार चुका काढल्या. त्यांतल्या दोन मला मान्य नाहीत. सुरेखाचा फोन लागला नाही म्हणून तिने मला केला असणार, हे वाक्य तिने खोडलं. मी ते वर तसंच ठेवलंय, कारण इतकी वर्षं मी तसंच समजत होतो.

"मम्मीला लावलाच नव्हता," ती म्हणाली.

मी विचारलं, मग मला का लावलास?

ती पेनाचं टोपण लावत होती. "मला वाटलं, तुम्ही लगेच निघाल."

मी सव्वा तासाने पोचलो होतो.